‘तळ’च्या चौथ्या भागात कोणी मरणार नाही

मी, खाली सही करणारी, वय बावीस, वेल्डरची एकुलती मुलगी, सगळ्यांच्या तोंडी ‘डायरेक्टर’, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझं लिव्हर बिघडलंय, डोकं नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. दुपारच्या औषधाने गुंगी येते म्हणून सकाळीच लिहायला बसले आहे. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही. तेवढं वयच नव्हतं.

माझी शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठीत खडे लागतील. तरी मराठीतच लिहिते, म्हणजे बाबांना हे दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वकीलकाकांनी कसं लिहायचं ते सांगितलं. ते फी घेत नाहीत, सल्ले भरपूर देतात. पहिलं पान बघून म्हणाले, "मृत्युपत्रात ‘यार’ लिहीत नाहीत गं."

"तसं कलम आहे का काका?"

"कलम नाही, पण लाज आहे."

म्हणून सगळे ‘यार’ काढले आहेत. बाकी मी बोलते तसंच आहे.

काका म्हणतात, परक्या माणसालाही वाचून कळलं पाहिजे. तर सांगते. सोळाव्या वर्षी आम्ही चौघांनी फोनवर ‘तळ’ नावाचा सिनेमा काढला. भीतीचा. पुढे ‘तळ २’ आणि ‘तळ ३’ आले. आम्ही चौघं म्हणजे मी, लंबू, चष्मिश आणि मावशी. मावशी हा मुलगा आहे. त्याच्या सॅकमध्ये सेफ्टी पिना, पाणी, डोकेदुखीची गोळी, सगळं असतं, म्हणून मावशी.

गोष्ट अशी. पाच मित्र बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर जातात. तिथे खोल पाणी साठलेलं असतं. त्यांच्यातली पाचवी, एक मुलगी, पाय घसरून पाण्यात पडते. बाकी चौघांना पोहता येतं, पण कोणीच उडी मारत नाही. घरी परतताना चौघं ठरवतात की आपण तिथे गेलोच नव्हतो. मग वेल्डिंगचा मुखवटा घातलेलं कोणीतरी त्यांच्या मागे लागतं. चौघं जीव मुठीत धरून पळतात, पण तोंड उघडत नाहीत. तीन भाग झाले, अजून उघडलेलं नाही. आजवर मेले ते आजूबाजूचे: वॉचमन, पीटीचे सर आणि लंबूचा चुलतभाऊ, ज्याला पडद्यावर मरायची फार हौस होती. पाचव्या मुलीचं काम करायला कोणी मिळालंच नाही, म्हणून आम्ही फक्त तिची ओली चप्पल दाखवली. आणि खुनी कोण, असं लोक विचारतात, तर आमचा नियम साधा होता. जो फ्रेममध्ये नाही, त्याने मुखवटा घालायचा.

आता वाटणी.

एक. माझा फोन, ट्रायपॉड आणि माइक चष्मिशला. एडिटिंग तीच करायची. तिने ‘तळ २’मधला माझा जिन्यातला सीन कापला होता आणि मी तिच्याशी महिनाभर बोलत नव्हते. तो सीन परत घालायचा, तरच फोन मिळेल, अशी अट इथे घालणार होते. परवा तो सीन पुन्हा पाहिला. तिचं बरोबर होतं. अट काढली आहे.

दोन. स्कूटी लंबूला. त्याचे गुडघे हँडलला लागतात, ते त्याचं तो बघेल. मागचा ब्रेक लागत नाही, तो आधी करून घ्यावा. हे कलम सक्तीचं आहे.

तीन. खिडकीतल्या कुंड्या मावशीला. दुसऱ्या कोणाला दिल्या तर आठवड्यात वाळतील. शिवाय बीटाच्या रसाचं रक्त करायची कृती त्याच्याकडेच आहे, ती त्याने कोणालाही सांगू नये. आईच्या दोन चादरी त्या रक्तापायी गेल्या, त्याबद्दल आईने आम्हाला माफ केलंय असं मी धरून चालते.

चार. बँकेत जे काही आहे ते आईचं. त्यातून हॉस्पिटलचं बिल भरायचं नाही. आई कापडाच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते. घरी येते तेव्हा वेताच्या बिनपाठीच्या मोड्यावर बसते आणि म्हणते, मला यातच बरं वाटतं. बरं वाटत नाही. पाठ टेकता येईल, पाय वर घेता येतील, अशी चांगली खुर्ची घे. स्वस्तातली नको. मी वरून बघणार वगैरे नाही, पण बाबा बघतील.

पाच. तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीसाहेबांना मी काहीही देत नाही. जिन्यावर लाल डाग बघून त्यांनी पोलिसांना फोन केला होता, आणि पोलीस आल्यावर त्यांच्या गाडीत बसून फोटो काढून घेतला तो आम्हीच. तरी राग आहे तो आहे. तिन्ही भाग सलग बघितले तर राग गेला असं समजावं.

सहा. आता खरी इस्टेट. ‘तळ’ची चारही पात्रं मी लिहिली, ती माझी आहेत. ती मी तिघांना मिळून देते. चौथा भाग काढायचा की नाही हे तिघांनी ठरवावं, पण काढला तर त्यात कोणी मरायचं नाही. बघणारे रोज विचारतात, "चौथा कधी? पहिला कोण जाणार?" त्यांना सांगा, कोणी जात नाही.

ही अट का घातली, ते लिहावं लागेल. काका म्हणाले, "हे नको लिहूस, मृत्युपत्रात इस्टेट लिहितात." पण माझ्याकडे जड म्हणावं असं हेच आहे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की जिवंत माणसाने लिव्हरचा तुकडा दिला तर मी वाचू शकते, देणाऱ्याचं लिव्हर नंतर परत वाढतं. आईचा रक्तगट बसला नाही. बाबांचं लिव्हर डॉक्टरांनीच नको म्हटलं. त्या दिवशी बाबा वर्कशॉपमध्ये गेले आणि एका गिऱ्हाइकाच्या फाटकाला बिजागऱ्या उलट्या बाजूने जोडून आले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मग लंबू, चष्मिश आणि मावशी मला न सांगता जाऊन नाव देऊन आले. तिघांच्या तपासण्या झाल्या. तिघांना डॉक्टरांनी एकेकटं आत बोलावलं, दार लावून. आणि मग तिघं वेगवेगळ्या दिवशी मला सांगायला आले. एकच वाक्य. "नाही जुळलं गं."

मी मान्य केलं. पण माझ्या शेजारच्या खाटेवर एक काकू आहेत. त्या संत्रं सोलता सोलता एकदा सहज म्हणाल्या, "इथली पद्धत चांगली आहे हो. कोणी ऐनवेळी ‘नको’ म्हटलं, तरी डॉक्टर बाहेर ‘जुळत नाही’ एवढंच सांगतात. म्हणजे त्या माणसाकडे जन्मभर कोणी बोट दाखवत नाही. आमच्या भाऊजींचंही असंच ‘जुळलं नाही’."

मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पण दर रविवारी येऊन बसतात ते. हे संत्रंही त्यांनीच आणलंय. समोर येऊन बसणाऱ्यावर किती दिवस रुसायचं?" आणि त्यांनी अर्धं संत्रं मला दिलं.

तेव्हा मला ती तिन्ही वाक्यं पुन्हा ऐकू आली. मी तुम्हा तिघांची डायरेक्टर आहे. तुमच्यापैकी एकाचाही डायलॉग आजवर पहिल्या टेकला आलेला नाही. कोणी अडखळतं, कोणाला हसू येतं, कोणी मध्येच विचारतं की मी कुठे बघू. हॉस्पिटलमध्येही दोघांचं तसंच झालं. एकाला वाक्य पूर्ण करता आलं नाही, एकाने ते चुकीच्या जागी तोडलं. तिसऱ्याचं एकदम बरोबर आलं. आवाज, नजर, थांबणं, सगळं. पहिल्याच टेकला. किती वेळा म्हणून बघितलं असेल ते? आरशासमोर, बसमध्ये, इथल्या जिन्यात? मी "बरं, असू दे" म्हटलं आणि पाणी मागितलं.

कोण ते लिहीत नाही. लिहिणारही नाही. काकांनाही माहीत नाही.

मला राग आला होता, हे लपवत नाही. त्या रागात मी ‘तळ ४’ लिहून काढला आणि त्यात एका पात्राला इतकं वाईट मारलं की माझं मलाच वाचवेना. ती स्क्रिप्ट पुसून टाकली आहे, फोनमध्ये शोधत बसू नका. पुसली ती चांगुलपणाने नाही. त्याच दिवशी समोरच्या वॉर्डात भावाला लिव्हर दिलेला एक माणूस चालताना बघितला. चांगला धिप्पाड माणूस. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायचा आणि भिंतीकडे तोंड करून रडायचा. त्याची बायको म्हणत होती, "झालं, झालं, दोन पावलं." मी स्वतःला विचारलं, तू दिलं असतंस? तोंडातून लगेच ‘हो’ आलं नाही. अजून आलेलं नाही. आणि मी तर आधीच खाणीच्या पाण्यात पडलेली आहे, मला घाबरून फायदाही नाही.

सोळाव्या वर्षी मी लिहिलं होतं की ज्याने उडी मारली नाही, त्याच्या मागे मुखवटा लागतो. तेव्हा मला पोहताही येत नव्हतं. काठावर बसून दुसऱ्यांनी उडी मारायला हवी होती असं लिहिणं फार सोपं असतं. त्या चौघांना भीती वाटली होती, एवढंच झालं होतं. तीन भाग मी त्यांना त्याबद्दल पळवलं. चौथ्या भागात त्यांना थांबू द्या. जमलं तर त्या मुलीच्या आईकडे जाऊन बसू द्या. ती काय म्हणेल ते तुम्ही लिहा, मला सुचलं नाही.

आणि आता त्या एका माणसासाठी. मला माहीत आहे. आपल्या सिनेमात हे वाक्य भिंतीवर लाल रंगात येतं आणि पुढच्या सीनला कोणीतरी मरतं. इथे तसं नाही. मला माहीत आहे, मी कोणाला सांगितलेलं नाही आणि तू अजून टीममध्ये आहेस. तुला भीती वाटली. त्या बंद खोलीत तुला ‘नको’ म्हणायचा हक्क होता, तो तू वापरलास. नंतर मला त्रास नको म्हणून पाठांतर केलंस. मला त्या ‘नको’पेक्षा या पाठांतराचंच जास्त वाईट वाटतं.

सात. बाबा, तुम्हाला हे शेवटी मिळेल आणि तुम्ही पहिलं विचाराल, "कोण?" आठवतं, ‘तळ २’मध्ये तुम्हाला मुखवटा घालून फाटकातून नुसतं चालत यायचं होतं. तुम्ही म्हणालात, "कुणाच्या अंगावर जायचंय ते सांग, म्हणजे पाय तसे पडतील." मी लंबूकडे बोट दाखवलं आणि तुम्ही असे आलात की तो खरंच पळाला, पार रस्त्यापर्यंत. या वेळी मी बोट दाखवणार नाही. मुखवटा तुमचा, तुम्हाला परत. कामाला वापरा. तिघं घरी आली तर तिघांनाही जेवायला वाढा, आणि वाढताना कोणाच्या ताटाकडे जास्त वेळ बघू नका. हे तुम्हाला जड जाईल. जड जाईल ते तुम्ही उचलता, हे मी लहानपणापासून बघितलंय.

आठ. हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम वकीलकाकांचं. आणि ते मी गेल्यावर उघडायचं नाही. उद्याच उघडायचं. इथे आमचा वाद झाला.

"अगं, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात."

"गेल्यावर मला काय उपयोग काका? आमच्या सिनेमात मेलेले परत येतात. माझी खात्री नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग हे मृत्युपत्र नव्हे बाळा. हे बोलावणं आहे."

"बोलावण्यावर सही चालते ना?"

"चालते."

तर काकांनी उद्या जाऊन तिघांना हे वाचून दाखवावं. एकत्र बसवून नाही, एकेकट्याला. आमच्या सिनेमात एकट्याला गाठलं की तो संपला, तरी इथे एकट्यालाच गाठावं, म्हणजे कोणाला दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागणार नाही. वाचून झाल्यावर काकांनी काही विचारू नये आणि लगेच उठावं. चहासाठी थांबू नये.

‘नाही जुळलं’ सांगून गेल्यापासून तुम्ही तिघंही कमी येता. कोणाला माझ्याकडे बघवत नाही, कोणाला स्वतःकडे. रविवारी भेटायची वेळ चार ते सहा आहे. तिघंही या. तो विषय काढायचा नाही, रडायचं असेल तर जिन्यात जाऊन यायचं, फळं नकोत, खूप झाली. खुर्च्या दोनच आहेत. एकाला माझ्या पायाशी खाटेवर बसावं लागेल. तिथे जागा आहे.

वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा वाचलं, मला समजलं, आणि ते माझंच आहे म्हणून सही करते.

(सही) डायरेक्टर, वेल्डरची मुलगी

स्थळ: बायकांचा वॉर्ड, खिडकीकडची खाट
दिवस: शुक्रवार, सकाळचा राउंड झाल्यावर

साक्षीदार पहिली: शेजारच्या खाटेवरची काकू. पोरीने माझ्यासमोर सही केली. माझ्या भाऊजींचं लिहिलंय ते खरं आहे. (सही)

साक्षीदार दुसरी: वॉर्डची सिस्टर. पेशंट पूर्ण शुद्धीत होती, हात थरथरत नव्हता. एका खाटेला दोनच माणसं सोडायचा नियम आहे. रविवारी माझी ड्यूटी आहे, तिघांना सोडते. (सही)