चुन्याचा ठिपका

लुसर्न, स्वित्झर्लंड
रविवार, २२ जानेवारी १९७८

प्रिय बनू,

‘प्रिय’ वाचून दचकू नकोस. लग्नाला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुला तीन की चार पत्रं लिहिली असतील, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर ‘सौ. बनुबाईस अनेक आशीर्वाद’ असं, मामलेदारानं नोटीस काढावी तसं लिहिलं. आज खोलीत नानासो सोडून कुणी नाही, आणि तोही दुपारचं जेवून घोरतोय, म्हणून धीर केला. आम्ही सगळे बागाईतदार खुशाल आहोत. बागेत एव्हाना द्राक्षाच्या मण्यांत पाणी फिरायला लागलं असेल. सुरुवातीचं पत्र आईला आणि पोरांना मोठ्यानं वाचून दाखव. रोझाबाई हे नाव आलं की थांब आणि पुढचं तुझं तू वाच.

खरं सांगायचं तर विमान उडेपर्यंत माझं कशात लक्षच नव्हतं. तू मला पोचवायला एस.टी. स्टँडवर आली नाहीस. तासगावात निघण्याआधी माझा सत्कार झाला, डोक्याला फेटा बांधला, ‘छाटणी करावी तर मानसिंगनं’ अशी भाषणं झाली, त्या दिवसापासून तू माझ्याशी कामापुरतंच बोलत होतीस. त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून एवढंच म्हणालीस, “फुडल्या छाटणीला ठिपकं तुमचं तुमीच लावा.” ते वाक्य माझ्याबरोबर रोमपर्यंत आलं. तिथं पिशवी उघडली तर आत तिळाच्या वड्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोकरीचे दोन जोड मोजे. संक्रांत जवळ आली तरी तू गोड बोलली नाहीस, पण वड्या तेवढ्या न चुकता दिल्यास. या ओळी आईला वाचायच्या नाहीत हे तुला सांगायला नको.

आता रोम. बनू, तू आलीस की रोमला दोन दिवस तरी राहायचं. ‘आलीस की’ असंच लिहिलंय, हसू नकोस, पुढं वाच. तिथं कोलोसियम म्हणून दगडी आखाडा आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, अर्धा पडलेला, तरी अजून असा उभा की मान मोडेपर्यंत वर बघावं. आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांना जमतं त्याच्या कितीतरी पट माणूस त्यात बसायचं म्हणे. सकाळी लवकर जायचं, तेव्हा गर्दी नसते आणि कमानींतून ऊन आडवं आत येतं. नानासोनं आत शिरून शड्डू ठोकला. पहारेकरी धावत आला. आमचे पुढारी विष्णुपंत, सांगलीला ज्यांनी जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं ते, मधे पडले आणि आमचा हा माणूस पैलवान आहे असं सांगून मोकळे झाले. मग त्या पहारेकऱ्यानंच नानासोचा दंड दाबून बघितला.

रोमला आमची एक फजिती झाली. तिथली चर्च म्हणजे आपली देवळंच की, म्हणून आम्ही पंधराच्या पंधरा जण पायरीवर बूट काढून आत गेलो. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत संगमरवरी फरशी. दोन मिनिटांत पाय आहेत की नाहीत ते कळेना. बाकीचे लोक बुटांसकट फिरतायत आणि आमच्याकडं बघतायत. एक म्हातारी आमच्या पायांकडं बघून रडायलाच लागली, तिला वाटलं आम्ही कसला तरी नवस फेडतोय. तेव्हा तू चर्चमध्ये बूट घालूनच जा, देव काही म्हणत नाही. पण मोजे मात्र दोन जोड एकावर एक घाल. तुझे मोजे नसते तर माझी बोटं रोमलाच राहिली असती. डोक्यावर पदर घेतलास की झालं, तिथल्या म्हाताऱ्याही रुमाल बांधूनच येतात.

व्हेनिस बघून तर मी खुळाच झालो. कृष्णेला पूर आला की सांगलीच्या गल्ल्यांत पाणी शिरतं आणि लोक नावेतून फिरतात, ते तू बघितलंयस. इथं तसा पूर बारमाही आहे, फरक एवढाच की कुणी घाबरलेलं नसतं आणि सगळे चांगले कपडे घालून फिरतात. भाजी नावेतून येते, टपालही नावेतून. काळ्या लांबट नावा असतात त्यांत बसू नकोस, त्या नव्या जोडप्यांसाठी आहेत आणि भाव फार सांगतात. साधी मोठी बोट असते, आपल्या एस.टी.सारखी थांबत थांबत जाते, तिच्यात पुढच्या बाजूला उभी राहा. तुला पाण्याचं भय वाटतं हे मला माहीत आहे. कठडा धर आणि लांबच्या घुमटाकडं बघ, मळमळत नाही.

आणि हे स्वित्झर्लंड. इथं आल्यापासून मला एकसारखी तुझ्या माहेराची आठवण येतेय. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगर कसे एकापाठीमागं एक उभे राहतात, तसेच हे, फक्त चौपट उंच आणि वरून खालपर्यंत बर्फ. काल दात्यांच्या चाकाची आगगाडी आम्हांला डोंगराच्या माथ्यावर घेऊन गेली. बर्फ हातात घेतला, नानासोनं खाऊन बघितला. कारखान्यात साखरेच्या राशीवर चालावं तसा पायाखाली करकर वाजतो. आमचे सपाटीवरचे गडी चार पावलांत घसरून पडले. तू असतीस तर पदर खोचून सगळ्यांच्या पुढं गेली असतीस. इथल्या तळ्याच्या तोंडाशी छप्पर असलेला लाकडी पूल आहे, त्यावर चित्रं काढलीत, तो दोनदा बघ, एकदा जाताना आणि एकदा येताना. गाईंचे गोठे आपल्या माजघरापेक्षा स्वच्छ आहेत, हेही आईला वाचू नकोस.

आता मधलं एक गाव राहिलं, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. रोमहून वर जाताना डोंगरउतारावर द्राक्षाच्या बागांचं एक खेडं आहे, तिथं रोझाबाई आणि तिचा नवरा राहतात.

आईला सांग की पुढं बागेतलं किचकट काम लिहिलंय, आणि आत जाऊन वाच.

संक्रांतीच्या दिवशीच आमची बस तिथं थांबली. खाली उतरून बघतो तर काय! डोंगरभर बाग, पण एका वेलाला पान नाही. नुसती काळी वाळकी खोडं आणि काड्या. आपल्याकडं बाग अशी दिसली तर घरात चूल पेटत नाही. आम्ही काय समजायचं ते समजलो. नानासोनं टोपी काढली, सरळ बागेच्या म्हाताऱ्या मालकापाशी गेला, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “जाऊ द्या पाटील, औंदा गेली तर गेली, खचू नगासा.” विष्णुपंतांनी सोबतच्या दुभाषी मुलीला इंग्रजीत सांगितलं, तिनं म्हाताऱ्याला त्यांच्या भाषेत, आणि तो म्हातारा असा हसला की त्याला खोकलाच लागला. थंडीत तिथला वेल झोपतो म्हणे. पानं गळतात, आणि त्या झोपेतच ते छाटणी करून घेतात. वर्षातून एकदाच, आपल्यासारखी दोनदा नाही.

मग तो म्हणाला, तुमच्यात छाटणीतला कोण? सगळ्यांनी मला पुढं ढकललं. त्यानं मला कात्री दिली आणि एका वेलासमोर उभं केलं. बनू, माझ्या मांडीएवढं खोड त्याचं, त्याच्या बापानं लावलेला वेल. मी काडी हातात धरली. खालून वर बघितली, वरून खाली बघितली, फिरवून मागच्या अंगानं बघितली. सगळे थांबलेले. शेवटी नानासो म्हणाला, “आरं काप की गड्या, काय हुडकतुयास?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ठिपका.”

तुला सांगायला हवंय का? सहा वर्षं तू हातात चुन्याची वाटी घेऊन पुढं चालतेस, काडी चाचपतेस, बोटानं ठिपका लावतेस, आणि मी मागून ठिपक्यावर कात्री चालवतो. लोक मला बांधावरून बघतात, तेव्हा तू दोन ओळी पुढं गेलेली असतेस. बिनबियांची बाग लावली तेव्हा पहिली दोन पिकं मी जुन्या द्राक्षासारखी आखूड छाटली आणि नुसता पालाच आला. मी बाग उपटायला निघालो होतो. तू मात्र बांधावर बसून छाटलेल्या काड्यांवरचे कोंबाचे डोळे नखानं उकलून बघत बसलीस, तीन दिवस. आई तुला वेडी म्हणाली, मीही म्हणालो. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, “फळ फुडल्या डोळ्यात हाय. तुमी त्येच कापून टाकताय.” पुढच्या छाटणीला तुझं ऐकून काड्या लांब ठेवल्या आणि घड लागले. हे सगळं मला माहीत होतं, आणि सत्काराच्या दिवशी मी गप्प बसलो. फेटा बांधला होता, समोर चारशे माणसं होती, मागच्या सतरंजीवर बायकांत तू बसली होतीस. बोलावं असं मनात आलं, पण मला ती स्तुती गोड लागत होती. मी चुकलो, बनू. फार चुकलो.

तर मी त्या वेलाखाली उभा राहून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. विष्णुपंत भाषांतर करायला कांकूं करत होते, पण म्हाताऱ्याची बायको शेडमधून हात पुसत पुढं आली आणि काय झालं म्हणून मागंच लागली. हीच रोझाबाई. तुझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठी, हात मात्र अगदी तुझ्यासारखे, नखांत माती. तिनं सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि नवऱ्याकडं असं बघितलं की त्याचा खोकला आपोआप थांबला. तिथंही आपल्या घरासारखंच असावं. मग तिनं तुझं नाव विचारलं. तिला ‘बनुबाई’ पहिल्याच झटक्यात म्हणता आलं. तू डोळा कसा उकलतेस ते मी करून दाखवलं, तर तिनं खिशातून एक छोटा चाकू काढला आणि अगदी तसाच डोळा चिरून मला आतलं दाखवलं. मी तिला तुझ्या तिळाच्या वड्या दिल्या. तिनं सगळ्यांना टेबलावर बसवून त्यांच्या द्राक्षांची दारू पाजली. एक पेला मीही घेतला. आंबट होती.

त्या लोकांच्या सोसायटीचं ठरलं होतं की पुढच्या जानेवारीत आपल्यातल्या एकाला सहा आठवडे छाटणी शिकायला बोलवायचं. येणं-जाणं, राहणं सगळं तेच बघणार. नाव माझं धरलेलं होतं. विष्णुपंत मला बाजूला घेऊन म्हणाले, झालं ते झालं, नाव राहू दे, परत जाऊन तू वहिनींना शिकव. दोन दिवस मी हो-ना करत राहिलो, हेही तुला सांगतो. मला यायचं होतं, बनू. लहान पोरागत यायचं होतं. पण व्हेनिसच्या त्या मोठ्या बोटीत कठड्याला धरून उभा होतो, तेव्हा तू इथं उभी राहशील तर कुठं बघशील एवढंच माझ्या डोक्यात यायला लागलं. उतरल्या उतरल्या विष्णुपंतांना म्हणालो, खोडा ते नाव आणि तिचं लिहा. गावात लोक काय बोलायचं ते बोलतील. पंधरा जणांनी ऐकलंयच, माझ्याआधी बातमी तासगावात पोचेल.

तेव्हा हे पत्र सहलीच्या वर्णनाचं नाही. रोमचे मोजे, चर्चमधले बूट, बोटीतली जागा, बर्फावरची चाल, हे सगळं मी तुझ्यासाठी बघून ठेवलंय. पुढच्या जानेवारीत विष्णुपंत दुसरी तुकडी आणणार आहेत, त्यांच्या पत्नी गोदावरीबाईही बरोबर असणार, तू त्यांच्या सोबतीनं यायचं आणि रोझाबाईच्या घरी राहायचं. तिनं खोली दाखवलीय, खिडकीतून बाग दिसते. बाग, जनावरं, पोरं आणि आई मी सांभाळीन. भाकरी वातड होतील, त्या पोरं खातील. तू नाही म्हणशील, हेही मला कळतं. घर कसं सोडू म्हणशील, आणि खरं कारण मनात ठेवशील की माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. राग राहू दे, पण सही कर. सोबत तिथल्या सोसायटीचा कागद घातलाय. सगळा त्यांच्या भाषेत आहे, तुला काय, विष्णुपंतांनाही कळत नाही. खाली येणाऱ्यानं स्वतः सही करायची असते, दुसऱ्याची चालत नाही. ती कुठं करायची ते समजावं म्हणून नानासोच्या चंचीतला चुना बोटावर घेऊन तिथं एक ठिपका लावलाय. बाकीचे सगळे तू लावलेस, हा एवढा मी लावलाय. बरोबर पडलाय का बघ.

तुझाच,
मानसिंग