चुन्याखालची भेग

कादिस, ३ जून १९८३

ती. एन्कार्नाआत्यास,
सा. न. वि. वि.

सुकवलेल्या टूना माशाची पुडी पोचली. खोलीतल्या मुलींनी ती एका बैठकीत संपवली आणि वर विचारलं, की तुझी आत्या आम्हाला दत्तक घेईल का. मी सांगितलं, घेईल, पण पहाटे उठवून अंगण धुवायला लावील.

बातमी चांगली आहे. सहलीच्या बसमधून मी पाहुण्यांना तारिफाचा किल्ला दाखवते, वेहेरच्या गल्ल्या दाखवते, आणि बस आपल्या फाट्यावरून तशीच पुढे जाते. हे मला पटत नव्हतं. मी कचेरीत भांडले. अखेर कार्मेनमातेच्या सणाला पहिली बस आपल्या पेन्यालमारला येणार असं ठरलं. गावाबरोबर पाहुणेही माचीवर उभे राहून मातेची मूर्ती नेणारी नाव पाहतील. ती नाव बाबाच वल्हवणार, याचा मला किती अभिमान वाटतो ते त्यांना सांग.

आता काळजीचं. ईस्टरला आले तेव्हा माचीखालच्या तटाला, तुझ्या दाराशेजारीच, भेग दिसली. नख आत गेलं. विद्यापीठातल्या बाईंनी शिकवलं होतं तशा मी भेगेवर काचेच्या आडव्या पट्ट्या गिलाव्यात बसवल्या आहेत. काच शाबूत तर तट स्थिर. काच तडकली तर तट सरकतो आहे. येता-जाता नजर टाक आणि कळव.

माया आहेच, ती तेवढी जागती ठेव.

तुझी,
अम्पारो

पेन्यालमार, २६ जून

चि. अम्पारो हिस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण हात चुन्यात होते. यंदा गल्लीच्या रंगाचा मान माझ्याकडे. तुझी बस येणार म्हटल्यावर बायका अशा भिडल्या, की शेजारच्या पास्तोराने स्वतःच्या मांजरालाही चुन्याचा एक हात दिला. तटाला जाड चुना दोनदा दिला. भेग लिंपून टाकली. मातेच्या वाटेवर तिने तोंड वासून बसावं, हे बरं दिसलं नसतं.

काच विचारतेस. अगं, ती चुन्याखाली गेली. त्या पट्ट्या जखमेवरच्या चिंध्यांसारख्या दिसत होत्या. रागावू नकोस. कुर्रो त्याच्या खानावळीत सगळ्यांना सांगतो, की आम्हाला भिंतीत भिंत दिसते, एन्कार्नाच्या भाचीला भिंतीत भेग दिसते, पदवी म्हणतात ती हीच. मी त्याला म्हटलं, तुला तर तुझ्या दारूतलं पाणीही दिसत नाही.

घरी सगळं ठीक. फक्त तुझ्या खोलीचं दार अडकायला लागलंय. दमट हवेने फुगलं असेल. सुताराकडून खालून तासून घेतलं, तर आठवड्यात पुन्हा अडकलं.

वेळेवर जेव. आमची माया तुझ्या पदवीहून जुनी आहे, विसरू नकोस.

तुझी आत्या,
एन्कार्ना

कादिस, ३ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आत्या, ते दार फुगलेलं नाही. उन्हाळ्यात कोरडा लेवान्ते वारा सुटला, की लाकूड आक्रसतं, हे तूच मला शिकवलंस. तुझ्या घराची मागची भिंत म्हणजेच तो तट. तो खचतोय आणि चौकट दाबली जातेय. सणाला त्याच माचीवर अर्धं गाव उभं राहील.

कुर्रोकडे फोन केला. त्याने माझा निरोप सगळ्यांना ओरडून सांगितला, आणि मागे हसलेलं मला ऐकू आलं. मग नगराध्यक्षांना फोन करून माची बंद करा म्हटलं. ते म्हणाले, की पोरी, बस तूच आणलीस, आता गावाचं नाव तूच खराब करणार का. वर म्हणाले, तट पांढराशुभ्र आहे, मी स्वतः पाहून आलो. बस मी रद्द केली आहे. कचेरीतले म्हणाले, की आता तुझ्या गावाचं नाव पुन्हा काढू नकोस. ते मी सोसेन. पण गावाला कोण रद्द करणार?

मला रजा मिळत नाही, म्हणून तूच चुना खरवडून काच बघ. ती शाबूत असेल तर मी सगळ्यांची माफी मागेन. तडकली असेल तर ती भिंत सगळ्यांना दिसू दे. मी काय मागतेय ते मला कळतं. सुतकाच्या घरालाच वर्षभर चुना लागत नाही. सणाच्या तोंडावर उघडी भिंत पाहून गावाला काय वाटेल, आणि तू किती हौसेने रंगवलीस, तेही कळतं. तरी मागते. आणि आजपासून बाबांकडे झोपायला जा.

राग धरलास तरी चालेल, पण हे कर.

तुझी,
अम्पारो

पेन्यालमार, १७ जुलै

चि. अम्पारो हिस,
अ. उ. आ.

आधी हे वाच: आम्ही सगळे धडधाकट आहोत.

तुझं पत्र टपालात रखडून सणाच्या आदल्या दिवशी हाती पडलं. बराच वेळ भिंतीकडे पाहत बसले. इतकी सुरेख ती कधीच झाली नव्हती. मग तुझ्या बाबाची माशांची खवलं काढायची सुरी घेतली. चुना सालीसारखा सुटला. एकही काच धड नव्हती.

मी खरवडतच राहिले. पास्तोरा धावत आली आणि विचारू लागली, की कोण गेलं. मी म्हटलं, अजून कुणी नाही, आणि उद्या जाऊ नये म्हणूनच हे चाललंय. तिने काचेवरून बोट फिरवलं, घरी गेली आणि उलथणं घेऊन आली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. संध्याकाळपर्यंत तट काळा-तपकिरी उघडा पडला. समुद्रावरून नावाडी वर आले, टोप्या काढून. नगराध्यक्षही आले आणि पुन्हा चुना लावा म्हणाले. एकीनेही बादली उचलली नाही.

सुतकाच्या घरासमोर आपल्याकडे ढोल वाजत नाही, कुणी थांबत नाही, हे तुला सांगायला नको. काल माचीकडे एकही माणूस वळलं नाही. मिरवणूक कारंज्याकडून खाली उतरली. नाव पाण्यात गेली, भोंगे वाजले, आणि माझ्या घराकडून दगड घरंगळल्यासारखा आवाज आला. माचीचा समुद्राकडचा कोपरा, मागची तुझी खोली आणि जिरेनियमच्या कुंड्या खाली गेल्या. तुझ्या खोलीचं दार मात्र चौकटीसकट उभं आहे, पलीकडे नुसता समुद्र.

मी बाबाकडे आहे. कुर्रोने जेवणाचे पैसे घेतले नाहीत. तुझी कचेरी काय म्हणते ते म्हणू दे. तू बस पुन्हा माग.

उरलेला चुना झाकून ठेवलाय. तट बांधून झाला, की पहिला हात तू मारायचास. पण आधी काच बसव. त्या पट्ट्यांभोवतीची जागा मी सोडून रंगवीन.

तुझी आत्या,
एन्कार्ना