लुसिओची वाट

ला नोरिया, साकातेकास
२ ऑक्टोबर २०११

चि. आरासेलीस,
त्रान्सितो आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र ओतिलियाबाई लिहिते आहे. शाळा सुटली की ती माझ्या चुलीपाशी येऊन बसते आणि मी बोलते तसं उतरवून घेते. मध्येच माझी भाषा सुधारायला जाते. मी म्हटलं, बाई, तू पोरांची सुधार, माझी ऐंशी वर्षं मुरलेली आहे. तर हसली, आणि हेही लिहिते आहे बघ.

तुझ्या बापाचा निरोप पोचला. तुझ्या आईचं, सोकोरोचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं म्हणून माझा एवेरार्दो नाताळात पवित्र बाळ येशूला बुटांचा जोड वाहायला येणार. ते बाळ डोंगरात वाटसरूंना सोबत करत हिंडतं आणि त्याचे बूट झिजतात, हे खरं. पण एक वर्ष अनवाणी हिंडलं तर त्याला पडसं व्हायचं नाही. तुम्हाला जे होईल ते पडसं नसेल.

इथं मोठ्या गाड्यांतून ते लोक फिरतात. भिंतींवर एक अक्षर रंगवून जातात, म्हणून गाव त्यांना अक्षरवाले म्हणतं. मी जन्मात एकच अक्षर ओळखायला शिकले, तेही त्यांच्याकडून. गेल्या आठवड्यात चौकात, पेट्रोल पंपापाशी, टेक्सासची पाटी असलेली गाडी त्यांनी अडवली. गाडी नेली, बाप नेला, दोन मुलगे नेले. आई तेवढी रस्त्यावर सोडली. ती इथवर चालत आली. मी तिला मक्याच्या पिठाचं गरम अतोले पाजलं, तर पेला परत देताना तिनं माझे आभार मानले.

दुकानातल्या फोनवर रस्त्याबद्दल ब्र काढू नका. त्या फोनपाशी दिवसभर कुणी ना कुणी बिनकामाचा बसलेला असतो. आणि यायचंच ठरलं तर तुझ्या बापाला एकट्याला रस्ता ठरवू देऊ नका, तो लुसिओवर गेलाय. तुझ्या आजोबांनी लग्नाच्या दिवशी मला खेचरावर बसवून घरी आणलं, ते भलत्याच गावात. तिथं कुणाची तरी प्रेतयात्रा चालली होती, आणि मी नवरीच्या झग्यात एका अनोळखी माणसासाठी दुपारभर रडले. तेव्हापासून आपल्या घरात रस्ता चुकला की लुसिओची वाट धरली म्हणतात. तुला माहीत आहे, ओतिलियाबाईला नव्हतं म्हणून सांगितलं. तिचं हसू थांबेना. वर शाईचा डाग पडलाय तो तिचा.

ती म्हणते, रस्त्यावरच्या पोलिसांच्या टोपीवर माझंच नाव असतं, त्रान्सितो, म्हणजे येणं-जाणं. मला टोपीवर मिरवतात आणि मी अजून जिल्ह्याबाहेर पडले नाही!

माया पातळ होऊ देऊ नका.
त्रान्सितो आजीचा अंगठा


जोलिएट, इलिनॉय
२० ऑक्टोबर २०११

ती. आजीस,
आरासेलीचा सा. न. वि. वि.

इथं आजच पहिला बर्फ पडला. बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय, चारी कोपऱ्यांवर साल्साच्या बाटल्या. महिनाभर आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतोय. बाबांची रेघ लाल: लारेडोला सीमा ओलांडून सरळ खाली, मग डांबरी रस्त्यानं पंपाच्या चौकातून गावात. आईची रेघ निळी: एल पासोवरून लांबचा वळसा, एक दिवस जास्त, आणि मागच्या बाजूनं खाणीचा घाट उतरून गावात. बाबा म्हणतात, घाटात डिसेंबरमध्ये काच असते, बर्फ नाही. आई म्हणते, काचेला बंदूक धरता येत नाही. बाबा म्हणाले, आजारपणातून उठलीस, जरा डोकं शांत ठेव. आई म्हणाली, टाके पोटाला पडलेत, अकलेला नाहीत.

तुझ्यासाठी बाबांनी फ्रिज घेतलाय, हे मी सांगितलं असं सांगू नकोस. लाल गाडीवर तो मखरासारखा बांधणार आहेत. लपूनछपून यायचं म्हणतात आणि गाडी आरशासारखी पुसतात.

ओतिलियाबाईंना नमस्कार. त्यांना म्हणावं, आजीची भाषा सुधारू नका, आम्हाला ओळखू यायची नाही.

तुझ्या आशीर्वादाची सवय झालेली,
आरासेली


ला नोरिया
१२ नोव्हेंबर २०११

चि. आरासेलीस आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसतंय ना? ओतिलियाबाई गेली.

सोमवारी झेंड्यासाठी पोरं रांगेत उभी होती. अक्षरवाल्यांना शाळेचं आवार गाड्या ठेवायला हवं होतं. तिनं नाही म्हटलं होतं आणि वर तसा अर्जही धाडला होता. अर्ज शनिवारच्या टपालानं गेला, सोमवारी ते आले. आमचं टपाल अलीकडे फार वेगानं चालतं. तिला त्यांनी झेंड्याच्या खांबाशी उभं केलं. पोरांना म्हणाले, गाणं थांबवायचं नाही. पोरांनी गाणं पुरं केलं तोवर ती खाली पडलेली होती. आवारातलं रक्त आम्ही बायकांनी घागरी ओतून धुतलं. सिमेंट रक्त पितं, हे मला माहीत नव्हतं.

हे आबुन्दिओ लिहितो आहे. खतं-बियाण्यांचं दुकान चालवतो तो. गावचा फोन आणि टपालही त्याच्याकडेच. तीन वर्षांपूर्वी समुद्राकडून आला. बायको लेआन्द्रा तिकडंच, म्हाताऱ्या आईपाशी. अक्षर म्हणे मोत्यासारखं आहे. मला काय, मोती काय नि हरभरे काय. वरची चार वाक्यं त्याला गाळायची होती. मी म्हटलं, तू लिहिणारा आहेस की शिंपी, कापायला? त्याचा मुलगा फेर्मिन वसंतात त्या लोकांबरोबर गेला. गेला की नेला, ते आबुन्दिओ सांगत नाही, मी विचारत नाही. आत्ता त्याची लेखणी अडखळली, म्हणजे ऐकतोय.

माझी काळजी करू नका. लुसिओचं पिस्तूल मी ठिपक्यांच्या कोंबडीच्या खुराड्याखाली पुरून ठेवलंय, गोळ्यांसकट.

येऊ नका. एवढं बोलून थांबते, माया पोचली असं समजा.
आजीचा अंगठा


जोलिएट
२० नोव्हेंबर २०११

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र मी मोठ्यानं वाचत होते. ओतिलियाबाईंपाशी आल्यावर वाचवेना, आईनं पुढं वाचलं. पिस्तुलाचं ऐकून बाबांनी पत्र मागून घेतलं आणि स्वतः दोनदा वाचलं.

नवस आता बाजूला राहिला, आजी. आम्ही तुला तिथून काढायला येतोय. चूल बांधून घेता येत नाही, बाकी हवं ते घे. वीस डिसेंबरला गावात पोचू. टेबलावर अजून दोन्ही रेघा आहेत, आणि आईबाबांचं बोलणं फक्त मीठ मागण्यापुरतं उरलंय. तेव्हा रस्ता तूच सांग, लारेडो की एल पासो. तू म्हणशील तो. आबुन्दिओकाकांना नमस्कार, अक्षर खरंच सुंदर आहे.

तुझी आणि तुझीच,
आरासेली


ला नोरिया
३ डिसेंबर २०११

चि. आरासेलीस आशीर्वाद.

मागचं पत्र गेलं आणि दोनच दिवसांत माझ्या खुराड्यात पाच जण अंडी शोधायला आले. अंड्यांसाठी कुदळ आणली होती. सगळं खणलं. सापडेना, तशी एकेक कोंबडी माझ्यासमोर धरून मान पिरगाळायला लागले, दर कोंबडीमागे एकदा विचारायचं. कोंबड्या संपल्या तसा एकानं बंदुकीचा दस्ता माझ्या तोंडावर हाणला. त्या बाजूचा शेवटचा दात गेला. बरं झालं, कुठल्या बाजूनं चावायचं ही कटकट संपली. म्हातारपण, दुसरं काय! पिस्तूल कुठं पुरलं तेच आठवत नाही.

कोंबड्या आम्ही शिजवून अख्ख्या गावाला जेवू घातल्या. आबुन्दिओलाही बोलावणार होते, पण तो मावशीच्या मयतीला गावी गेला होता. पाच दिवसांनी आला तो डोळे सुजवून. मावशीवर इतका जीव असलेला पुरुष मी पहिल्यांदा पाहिला.

आता रस्त्याचं. तुझे आजोबा लुसिओ, देव त्यांना सुखात ठेवो, जन्मात कधी रस्ता चुकले नाहीत. ते असते तर म्हणाले असते, लारेडोवरूनच या, डांबरी रस्ता सोडू नका, चौकातल्या पंपावर थांबून तेल भरा. त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नका.

इथं आबुन्दिओची लेखणी थांबली. शाई संपली का म्हटलं, तर म्हणाला, थंडीनं गोठली. फुंकर घालून त्यानं मला पुन्हा विचारलं, लुसिओच ना, आजी? मी म्हटलं, लुसिओच, मला दुसरा नवरा नव्हता. मग लिहिलं. पाऊस नाही, पाणी नाही, आणि कागद कसा भिजला देव जाणे. डाग दिसला तर मला दोष देऊ नकोस.

वाट पाहते.
आजीचा अंगठा


जोलिएट
९ डिसेंबर २०११

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बाबांना आजोबांची इतकी आठवण आली की डोळे पुसत बसले. मग उठले आणि आईला म्हणाले, तूच जिंकलीस असं समज, पण आता वडिलांचा शब्द. आम्ही आजोबांच्या शब्दाबाहेर नाही. वीस तारखेला, लारेडोवरून.

आरासेली


दुरांगो
२ जानेवारी २०१२

लेआन्द्रा हिस,

आरासेलीनं सवयीनं आधी सौ. लिहिलं आणि मग खोडलं. ती खूण तशीच राहू दे म्हटलं. तुला मी ओळखत नाही, तू मला नाही. दुकानातला फोन वाजला तेव्हा उचलला तो मी. तो गेल्याचं आणि त्याच्या हाताचं कुणीतरी तुझ्या कानावर घातलं होतं. तू विचारलंस, माझ्या माणसाच्या हाताला काय झालं. त्या फोनवर मी काही सांगू शकले नाही. पत्रातून सांगते. लिहिणारी माझी नात आहे, शिंपी नाही.

ओतिलियाबाईच्या अर्जाची बातमी टपालातूनच फुटली, असा मला संशय होता. म्हणून पिस्तुलाची थाप मारली. पिस्तूल नव्हतंच, लुसिओनं ते कधीच कुठल्याशा आडरानात हरवलं होतं. आणि ते खणायला आले. तुझ्या नवऱ्याच्या कानात गेलेलं त्यांच्याकडे जातं, हे तेव्हा कळलं. लिहिणारा दुसरा कुणी उरला नव्हता, आणि मला येतो तो अंगठा. म्हणून पोरांना वाचवायला मी त्याच्याच हातानं खोटं लिहवलं. लुसिओचा रस्ता म्हणजे चुकीचा रस्ता, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. त्याला कळणार नाही असं मी धरून चालले.

माझी माणसं एल पासोवरून आली. घाटात गाडी घसरून कड्याशी तिरकी झाली. एवेरार्दोनं दोर कापले आणि फ्रिज दरीत सोडून दिला, तेव्हा ती सावरली. वीस तारखेला तिघंही माझ्या चुलीपाशी होती, गाडी खाणीच्या पत्र्याखाली लपवलेली. त्याच दिवशी अक्षरवाले चौकात उजाडल्यापासून दबा धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आबुन्दिओला दुकानातून फरपटत नेलं. चौकातून ओरडणं बराच वेळ ऐकू येत होतं, मग एकच गोळी. एवेरार्दो आणि मी हातगाडी घेऊन गेलो. उजव्या हाताचं एकही बोट सरळ राहिलं नव्हतं. ते मोत्यांचं अक्षर त्यांनी आधी मोडलं, मग त्याला.

त्याला धुताना मदतीला तोर्तियाच्या गिरणीतली चोना होती. ती रडत रडत म्हणाली, आता भलतीकडं गेलेल्या पोत्याला कोण म्हणणार, गेलं लुसिओच्या वाटेनं? मी विचारलं, हे कोण म्हणायचं? म्हणाली, आबुन्दिओच. दुकानात रोज. गिरणीची भिंत दुकानाला लागून, आणि माझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. घरातली गोष्ट म्हणून जपलेली मीच पीठ दळता दळता सगळ्या गावाला वाटली होती.

म्हणजे त्याला ठाऊक होतं, पोरी. लेखणी थांबली ती थंडीनं नाही. लुसिओच ना, असं त्यानं विचारलं ते त्याला सगळं समजलंय हे सांगायला, आणि मी त्याची चेष्टा केली. मावशी म्हणजे तुमचा फेर्मिन होता, हेही मला तुझ्या फोनवरूनच कळलं. पोराला त्यांनी मारलं होतं. त्याला धाकात ठेवायला आता त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. मग तो तुझ्याकडेच का राहिला नाही? लारेडोची बातमी देऊन पळून का गेला नाही? हे मी बारा दिवस घोळवते आहे. तो गेला असता तर बातमी खोटी आहे हे त्यांना तेव्हाच कळलं असतं, आणि ते घाटाकडे वळले असते. म्हणून तो दुकान उघडं ठेवून बसला. त्या दिवशीही चोनाला त्यानं बियाणं मोजून दिलं.

ओतिलियाबाईच्या अर्जाचं काय, ते मी विसरलेले नाही. ते तो आणि ती वर बघून घेतील. बाळासाठी आणलेले बूट एवेरार्दोनं आबुन्दिओच्या पेटीत त्याच्या पायाशी ठेवले. त्याच्या पायांना बसणारे नव्हते. पण वाटसरूंना सोबत करणाऱ्याचे आहेत, म्हणाला. त्याला आम्ही गावातच ठेवलाय, लुसिओच्या शेजारी. मग आम्ही चौघं त्याच घाटानं निघालो. पहिल्यांदाच जिल्हा ओलांडला, आणि खिडकीतून काही पाहिलं नाही.

लोभ ठेव असं तुला म्हणायला मला तोंड नाही. शिव्या द्यायच्या असतील तर लिहून पाठव. आरासेली मला वाचून दाखवेल, एकही शब्द न गाळता.

त्रान्सितोचा अंगठा