खाजणाची वाटणी

मी, शामराव केशव साळगावकर, वय अडुसष्ट, निवृत्त विज्ञान-शिक्षक, राहणार शिवडी, मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने व शुद्ध बुद्धीने लिहीत आहे. शुद्धीचा पुरावा म्हणून आधी एक कोडे मांडतो. आमच्या गल्लीत ते सर्वांनी पाहिले आहे. पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी दारातले पाणी हलत नाही आणि मग कोणी काही न करता आपोआप ओसरते. असे का?

उत्तर सांगताना मला अजूनही वर्गात उभे असल्यासारखे वाटते. भरती आली की समुद्र नाल्याचे तोंड दाबून धरतो. तोवर शहराच्या पाण्याला थांबायला जागा हवी. ती जागा म्हणजे खाजण, तिवरांच्या मुळांतला चिखल. ओहोटी लागली की बांधातली लाकडी झडप, जिला आम्ही उघाडी म्हणतो, बाहेरच्या बाजूला उघडते व पाणी खाडीत जाते. खाजण बुजवले की तेच पाणी घरात थांबते.

पहिले कलम. राहती खोली व भांडीकुंडी माझा पुतण्या रघुवीर यास. त्याला मी वाढवले. उपाशी ठेवण्याचा हेतू नाही.

दुसरे कलम. सूक्ष्मदर्शक माझ्या जुन्या शाळेस. त्याची डावी कळ हळू फिरवावी.

तिसरे कलम. शिवडी-वडाळ्याच्या मधले, माझ्या वाटणीस आलेले वडिलोपार्जित खाजण. गेल्या मे महिन्यात मी आजारी असता रघुवीरने त्याच्या अर्ध्या भागात राडारोडा टाकून घेतला. विचारले तेव्हा तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाहून आला होता. म्हणाला, "काका, आधी मुंबई आपल्या हाती येऊ दे, मग तुमच्या चिखलाचं बघू."

"अरे, हा चिखल मुंबईत नाही का?"

"असले प्रश्न शाळेत विचारा."

आषाढात पाणी उंबऱ्याच्या वर आले. पत्नी बकुळा हिला दम्याची धाप लागली होती. डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी थांबून राहिले. पाणी ओसरले, तेव्हा ती गेली होती. भरावामुळेच गेली असे मी लिहीत नाही. शिक्षकाने पुराव्यापलीकडे जाऊ नये.

दिवाळीनंतर रघुवीर उरलेल्या अर्ध्यासाठी गाड्या ठरवू लागला. तेव्हा त्याची पत्नी सुमेधा त्याला म्हणाली, "निदान काकूंचं वर्ष तरी होऊ द्या. त्यांच्या नावाने जेवण घालणार आणि ज्याने त्यांचे डॉक्टर अडवले ते पाणीही वाढवणार?" त्याने गाड्या वर्षश्राद्धापर्यंत पुढे ढकलल्या. वर्ष आषाढात पुरे होईल. मी तोवर नसेन, असे डॉक्टरांचा चेहरा सांगतो.

म्हणून संपूर्ण खाजण मी सौ. सुमेधा हिला देतो. तिने ते विकू नये, बुजवू नये, तिवरे तोडू देऊ नयेत, उघाडी चालती ठेवावी. पोरी, तुझ्यावर ओझे टाकतो आहे. घरात तुला रोज बोलणी बसतील, आणि हे कलम किती टिकेल याची मला फारशी आशा नाही.

ठिकाण: शिवडी, मुंबई. दिनांक: ८ मार्च १९५९.
सही: शा. के. साळगावकर
साक्षीदार: दत्ताराम पेडणेकर, शेजारी, लवू कांबळे, उघाडीचा राखणदार.

ता. क. रघुवीरने कोर्टात जाण्यापूर्वी एवढे करावे. परात जमिनीवर ठेवून काठोकाठ पाणी भरावे. तिच्या एका कडेला, आत पाण्यात, हळूच वीट ठेवावी. मग समोरच्या कडेखाली हात लावून पाहावा, जमीन कोरडी राहिली का.