पहिली पंधरा मिनिटं

प्रिय उशिराबाई,

अक्षर ओळखून पत्र फाडायला निघाली असशील तर जरा थांब. आपल्यात फाडाफाडीचं खातं माझ्याकडे होतं, तुझ्याकडे नाही. दोन वर्षांपूर्वी बसथांब्यावर, चार माणसांदेखत मी तुला जे बोललो ते मला मागे घ्यायचं आहे. तोंडातून गेलेलं मागे घेता येत नाही हे मलाही कळतं. पण ते चूक होतं, हे निदान माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्याकडे असावं, एवढ्यासाठी बसलोय. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तुला ठाऊकच आहे. म्हणून आधी सिनेमे.

सध्या मी थिएटरात असतो. बघायला नव्हे, नोकरीला. आपल्याच त्या थिएटरात, खालच्या दाराला. तिकीट फाडायचं आणि टॉर्चनं खुर्ची दाखवायची. शेवटी फाडण्याचंच काम नशिबी आलं, हस हवं तर. नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, पदवीचा कागद नाही आला, टॉर्च तरी आला घरात. आणि पुन्हा पेपरात शिरले. आई मात्र डबा भरताना विचारते, आज कुठला लागलाय, आणि मी सांगायला लागलो की गॅस बारीक करून ऐकते. दाराला माझ्याबरोबर मामा असतात. सगळ्या थिएटरचे मामा, तीस वर्षं टॉर्च धरून आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. उजेड माणसाच्या पायाशी टाकायचा, तोंडावर कधीच नाही. आणि टॉर्चमागचा माणूस कुणाला दिसत नसतो, तेव्हा ओळखीचं कुणी आलं तर लाजून पळायचं नाही. मी म्हटलं, मला कोण ओळखतंय.

आता गंमत ऐक. खेळ सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांसाठी मी वीस मिनिटं आत भिंतीला टेकून उभा असतो. मग दार लागतं आणि मला खाली गाड्यांच्या स्टँडवर जावं लागतं. म्हणजे तुझ्याबरोबर मी एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नाही आणि आता सुरुवातीपलीकडे काही दिसत नाही. तुझं प्रॅक्टिकल साडेतीनला सुटायचं आणि खेळही साडेतीनचाच. मी दारात दोन तिकिटं मुठीत चुरगळत, घड्याळावर संतापत उभा. तू अ‍ॅप्रन पिशवीत कोंबत धावत येणार, हाताला त्या प्रयोगशाळेचा आंबूस वास, आणि वर मलाच म्हणणार, चल ना, उभा काय राहिलास. पंधरा मिनिटं गेलेलीच असायची. मग सिनेमा सुटल्यावर बसथांब्यापर्यंत चालताना ती पंधरा मिनिटं आपण मनानं जोडायची. नियम तुझेच: खरी सुरुवात कधी बघायची नाही, कुणाला विचारायची नाही, आणि ज्याची सुरुवात सरस त्याला बसमध्ये खिडकी. मला खिडकी वर्षातून दोनदा मिळाली असेल. माझ्या सुरुवातीत कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली काढायचंच, आणि तू म्हणायचीस, तोफखाना, हा सिनेमा आहे, तुझी सकाळ नाही.

सोमवारी मला सुट्टी. त्या दिवशी मी चक्क तिकीट काढून अख्खा सिनेमा बघतो, मामा हसतात. मागच्या महिन्यात दोन शिंपी भावांचा एक पाहिला. एकच दुकान, एक कापतो, एक शिवतो, आणि अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. कापडावरच्या खडूच्या खुणा तेवढ्या इकडून तिकडे जातात. शेवटी धाकटा आजारातून उठून परत कामाला येतो, तेव्हा थोरल्यानं सरकवलेल्या कापडावर एक खूण असते, जी कुठल्याच मापाची नसते. धाकटा ती निरखत बसतो. बस, एवढंच. त्यावर सिनेमा संपतो. मी उठलोच नाही, सफाईवाल्या मावशींनी झाडू खुर्चीला आपटून उठवलं. तुला हा फार आवडला असता आणि तू त्याला माझ्यापेक्षा चांगली सुरुवात जोडली असतीस. खरी सुरुवात सांगत नाही, नियम आहे.

दुसरा विनोदी. उंचीला घाबरणारा एक माणूस सातव्या मजल्यावरची मुलगी दिसावी म्हणून बाहेरून काचा पुसायची नोकरी धरतो. रोज एकेक मजला वर सरकतो, डोळे मिटून, दोरीला मिठी मारून. चौथ्या मजल्यावरच्या आजी त्याला खिडकीतून लिंबूपाणी देतात आणि म्हणतात, उतरायचं कळतंय का तुला, मग चढ. सातव्यावर पोचतो त्या दिवशी कळतं, ती तळमजल्यावर राहायला गेली. अख्खं थिएटर लोटपोट. मीही इतका हसलो की सवयीनं डावीकडे वळून पाहिलं. डावीकडच्या खुर्चीवर माझीच पिशवी होती. नंतर तासभर काय चाललं होतं पडद्यावर, मला सांगता येणार नाही.

बरं. आता ते.

आपला शेवटचा सिनेमा तुला आठवत असेल. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा. आपण अंधारात चाचपडत बसलो तेव्हा त्याची बायको पिशवी घेऊन जिना उतरत होती आणि तो खिडकीतून हाका मारत होता. मग दोन तास तो गावोगाव तिला शोधतो, आणि मी दोन तास तुझ्या कानाशी तिला शिव्या घालत होतो. त्या दिवसांत मी धुमसतच होतो. सरांनी माझी हजेरी कापली म्हणून मी भर वर्गात हजेरीपट टरकावला होता. माफीच्या दोन ओळी लिहून दे, विषय मिटेल, असं प्राचार्य म्हणाले होते, तूही म्हणाली होतीस. मी लिहिल्या नाहीत. कॉलेजला रामराम ठोकून मी स्वतःला फार मोठा शूर समजत होतो. त्या संध्याकाळी बसथांब्यावर तू सुरुवात जोडायला तयारच नव्हतीस. एवढंच म्हणालीस, "तिनं सांगितलं असेल. आपण उशिरा आलो." माझं डोकंच फिरलं. न सांगता जाणाऱ्या बाईची बाजू घेतेस, तूही एक दिवस अशीच मला न सांगता निघून जाशील, तुम्हा बायकांची जातच तसली, असं काय काय मी ओरडलो. बस आली. तू खिडकीत बसलीस आणि मी खाली उभा राहिलो. पंधरा दिवसांनी तुझ्या धाकट्या भावाकडून कळलं की तू पुढच्या शिक्षणाला दुसरीकडे गेलीस. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो, बघा, माझंच खरं झालं.

गेल्या आठवड्यात तो सिनेमा पुन्हा लागला. जुने सिनेमे दुपारी लावतात, आठवडाभर. सोमवारी सुट्टी असूनही मी दाराला उभा राहिलो. उशिराबाई, नियम मोडतोय. पहिल्या पंधरा मिनिटांत ती त्याला चार वेळा सांगते. एकदा चहाचा कप ठेवताना. तो रेडिओच्या पोटात डोकं घालून हं म्हणतो. एकदा गिऱ्हाईक गेल्यावर. तेव्हा तो तिलाच बल्ब धरायला लावतो. तिसऱ्यांदा ती रेडिओ बंद करून सांगते, तर तो बंद रेडिओतून आवाज कसा येतोय ते शोधायला लागतो. चौथ्यांदा ती दारात उभी राहून सांगते, मी उद्या दुपारच्या गाडीनं चाललेय, अडवायचं असेल तर आता अडव. तो म्हणतो, येताना तार घेऊन ये. लोक हसतात तिथे.

मी नाही हसलो. मला तू प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर हातात फॉर्म घेऊन उभी दिसलीस आणि मी त्या फॉर्मच्याच मागच्या बाजूला सरांचं चित्र काढत होतो, गाढवाचे कान लावून. पावसात तुझ्या छत्रीखाली तू म्हणालीस, तिकडचं उत्तर आलंय, आणि मी विचारलं, कुणाचं, प्राचार्यांचं? माझ्या घरी, आईसमोर, तू म्हणालीस की दोन वर्षं फार नसतात काकू, आणि आई माझ्याकडे बघत राहिली, आईला कळलं होतं. चौथी वेळ अजून सापडत नाहीये. पण असेल. मी आठवडाभर रोज दुपारी ती पंधरा मिनिटं पाहिली आणि रोज तिथे भिंतीला टेकून उभा असताना माझे कान जळत होते.

इथपर्यंत मी बुधवारी लिहिलं होतं. शेवटी विचारणार होतो, सुट्टीत येशील का, एखादा सिनेमा अख्खा बघू, पहिल्यापासून. आज शुक्रवार. काल दुपारी खेळ सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली आणि दोघं जण घाईघाईनं आत आले. मी नेहमीसारखा उजेड पायाशी टाकला. चपलेचा अंगठा शिवलेला, तुझ्या मोच्यानं घातलेला तो जाड टाका मी कुठेही ओळखेन. तुझ्याबरोबरच्या गृहस्थांनी हळू आवाजात विचारलं, बरंच गेलं का हो? मी तोंड उघडणार तोच तू म्हणालीस, "नका सांगू दादा. आम्ही जोडतो." तू वर पाहिलं नाहीस. मामा म्हणतात ते खरं आहे, टॉर्चमागचा माणूस दिसत नाही. माझा जुना हात असता तर उजेड तोंडावर गेला असता. मी तो पायऱ्यांवर धरला, एकेक पायरी, तुम्ही बसेपर्यंत. मग दार लागलं आणि मी स्टँडवर गेलो. म्हणून पत्र पुरं करतोय, विचारायचं होतं ते सोडून. आपण जोडलेल्या सुरुवाती झकास होत्या, पण त्यांत तू मला खरंच सांगितलेलं काही नव्हतं, सगळं आपणच रचलेलं. यांच्याबरोबर तरी वेळेवर ये. दिवे असतानाच बस. आणि थिएटर टाळू नकोस. मी मामांना सांगून वरचं बाल्कनीचं दार घेतलंय. खालच्या दाराला आता मामाच असतील, त्यांना दादा म्हटलेलं चालतं.

तुझाच,
दोन ओळी लिहायला दोन वर्षं लावलेला
तोफखाना