बिनअंड्याचा केक

नागपूर, नाताळचा दिवस

सौ. मंजुळास आशीर्वाद.

विमलचा ताप उतरला, हे आधी वाच.

इथल्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी आपल्या पोरीसाठी जिवाचं रान केलं. म्हणून त्यांच्या सणाला आपल्या ओळखीच्या शेगावच्या बेकरीला कार्ड टाकून केक मागवला. आपल्या हातून अंडं नको, म्हणून 'अंडं घालू नका' असं मीच ठणकावून लिहिलं. अंड्याबिगर तो फुगत नाही, हे मले कुठलं ठाऊक! पार्सलातून निघाला दगड. मी शरमलो.

बाई हसल्या. "बाबा, हा तर तुमचा गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा!" म्हणत दुधात बुडवून खाऊ लागल्या.

आठ दिवस अन्नाला न शिवलेली विमल म्हणाली, "मले काऊन नाही?" दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला.

म्हैस दूध देते ना? पोरीले लागेल.

आता तूही उपास सोड.

पुंजाजी