लाल रंगवलेला खांब

सणसर, गुरुवार

प्रिय उत्कर्षा,

पत्र बघून घाबरू नको, घरातली सगळी धड हायत. फोनवर माझं दुसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि तू ठेवून देतेस, म्हणून वही घेतली. चौथीचं अक्षर हाय, सावकाश वाच.

आधी बातमी. आपल्या अनिताला मुलगी झाली. सांगवीच्या आप्पासाहेबांची सून असली तरी माझ्याच चुलतबहिणीची लेक, म्हणून बारामतीच्या दवाखान्यात चार दिवस मीच होते. पोरीला सगळी छकुलीच म्हणत्यात. नाक आप्पासाहेबांचं हाय, बिचारीचं.

गॅरेज चालू हाय, पण गिऱ्हाईक बदललं. पूर्वी माणूस यायचा, बॉनेटवर थाप मारायचा, पत्रा जाड हाय म्हणून खूश व्हायचा. आता टोमॅटोवालासुद्धा विचारतो, धडकेच्या चाचणीत गाडीला किती स्टार हायत. तुझे आबा चिडत्यात. दसऱ्याला तू म्हणालीस, आता गाडीचा मागला सांगाडाच एका साच्यात ओतायला लागलेत, जोड न्हाय की काय न्हाय. तवापासून त्यांच्या मनात बसलंय की ठोकायला काही उरणारच न्हाय. तीस वर्षं हातोडीवर जगलेला माणूस. त्याला असं सांगायचं आणि वर पुरणपोळीवर तूप मागायचं, हे तुलाच जमतं.

मला काय कळलंच न्हाय असं समजू नको. पुढचा भाग मुद्दाम चेमटायला केलेला असतो आणि माणसं बसत्यात तो पिंजरा कडक, हे मी नारळावरून ध्यानात ठेवलंय. वरचा काथ्या दबला तर दबू दे, करवंटी फुटायला नको. पण तू ते आप्पासाहेबांपुढं काढलंस. हत्यारांना झेंडू वाहिलेले, ते गाडी न्यायला आलेले, आणि तू म्हणालीस, आबा, दोन दारांमधला हा खांब तुमी गॅसनं तापवून सरळ केलाय, त्याची ताकद गेली, बाजूनं कोण धडकलं तर आतलं माणूस वाचायचं न्हाय. आबा फडक्यानं खांब पुसत राहिले. तोंड सोडलं ते मी. त्याच गॅसवर तू इंजिनेर झालीस, असं मीच म्हणाले. तू ताट तसंच ठेवून चाकणला गेलीस. ती पोळी मी गाईला घातली.

आबा दोन दिवस हातोडीला शिवले न्हाईत. मग पुन्हा गॅस पेटला. आप्पासाहेबांची गाडी तशीच फिरत राहिली.

गेल्या सोमवारी त्याच गाडीतून छकुलीला सांगवीला नेलं. मी मागं, पोरगी मांडीवर, शेजारी तोच खांब. रंग असा दिलाय की आबांच्या हाताला नाव ठेवायला जागा न्हाय. उसाचा ट्रॅक्टर जवळून गेला की मी पोरीला खांबापासून आत सरकवायची. अनिता म्हणाली, मावशी, काय टोचतंय का. टोचतच होतं.

घरी आल्या आल्या तू टपालानं पाठवलेला कागद आबांपुढं ठेवला. सांगाड्याचं चित्र, आणि गॅस लावायचा न्हाय तेवढा भाग लाल. आबांनी लाल भागावर बोट फिरवलं. मग भंगारातल्या खांबाची एक पट्टी कापली, अर्धी लालबुंद तापवली, गार होऊ दिली आणि पकडीत धरली. तापवलेलं टोक दोन ठोक्यांत वाकलं. दुसऱ्या टोकावर घण उडाला, पण ते काही वाकलं न्हाय. आबा मला म्हणाले, पोरगी खरं बोलत होती गं.

दुसऱ्या दिवशी सांगवीला गेले. आप्पासाहेब म्हणाले, झुंबरराव, चालतीय की झकास. आबा म्हणाले, चालतीय, पण धडकली तर माझ्या हातची चूक हाय. गाडी आणली, खांब कापून काढला, नवा बसवला, चित्रात दाखवलंय तितंच जोड दिला. कागद खळ लावून हत्यारांच्या वर चिकटवलाय.

आता ज्यासाठी वही घेतली ते. तो कागद दिवाळीतच आला होता. खाली तू लिहिलं होतंस, आबा, राग धरू नका, वाचलं की एक फोन करा. मी वाचलं आणि ट्रंकेत साड्यांखाली दडवला. त्यांना अजून लागेल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर लेकीनं बापाला कागदावरून शिकवावं, हे मला सोसलं न्हाय. तवापासून अशा अजून दोन गाड्या गेल्या, त्या परत बोलावल्यात. तू त्यांच्या फोनची वाट बघितलीस आणि त्यांनी तुझ्या, मधी मी बसले होते. त्यांना वाटतंय कागद सोमवारीच आला. लगेच फोन करायला निघाले होते, मीच म्हणाले, आधी माझं पत्र पोचू द्या. तोंडानं त्यांना सांगायला मला जमत न्हाय. म्हणून हे पाकीट चिकटवणार न्हाय, आधी वाचा, मगच चिकटवून टपालात टाका म्हणून उघडंच त्यांच्या हातात देणार हाय. खळीनं चिकटवलेलं मिळालं, तर समज, आबांनी वाचलंय.

तुझीच,
आई